गोरोबा, तुकोबा आणि तेलुगू पडदा

आमचं नांदूरघाट 1956 सालापर्यंत हैदराबाद राज्यात होतं. केज तालुक्यातला मराठी शेतकरी आणि वरंगल-करीमनगरचा तेलुगू शेतकरी 1948 पर्यंत एकाच निजामाची रयत. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपली तोंडं पुण्या-मुंबईकडे वळली. त्यामुळे तेलुगू सिनेमा म्हटलं की आज आमच्या भागातल्या पोरांना हिंदीत डब केलेल्या हाणामाऱ्याच आठवतात. त्याआधीच्या तेलुगू पडद्यावर आपल्याच मातीतली माणसं किती वावरली, हे कुणी सांगितलेलंच नाही.

त्या सिनेमाचा बोलका जन्म तर मुंबईतच झाला. एच. एम. रेड्डी यांचा ‘भक्त प्रह्लाद’ 1932 साली इथेच तयार झाला. एल. व्ही. प्रसाद हा आंध्रातून पळून आलेला शेतकऱ्याचा मुलगा ‘आलम आरा’, ‘कालिदास’ आणि ‘भक्त प्रह्लाद’ या हिंदी, तमिळ आणि तेलुगूतल्या पहिल्या बोलपटांत छोट्या भूमिकांत दिसला. पुढे त्यांनीच ‘मिस्सम्मा’सारखा प्रसन्न चित्रपट दिला आणि 1982 चा दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळवला.

इकडे मराठीत प्रभात फिल्म कंपनीने संत एकनाथांवर ‘धर्मात्मा’ (1935) काढला, पाठोपाठ ‘संत तुकाराम’ (1936). तिकडे गुडवल्ली रामब्रह्मम यांनी 1938 साली ‘मालपिल्ला’मध्ये दलित मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांचं प्रेम दाखवलं. दुसऱ्या वर्षी त्यांचा ‘रैतुबिड्डा’ आला. जमीनदारांना तो इतका झोंबला की त्याच्यावर बंदी आली. शेतकऱ्याच्या बाजूने इतक्या उघडपणे उभा राहिलेला चित्रपट त्या काळात दुर्मीळच.

1957 साल तेलुगू सिनेमाचं सोन्याचं. के. व्ही. रेड्डींचा ‘मायाबाजार’ त्याच वर्षीचा. अभिमन्यूच्या लग्नाची ही गोष्ट आपल्याकडे वत्सलाहरण, सुरेखाहरण म्हणून माहीत आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 1921 मध्ये ‘सुरेखाहरण’ काढला होता, व्ही. शांताराम त्यात कृष्ण झाले होते. ‘मायाबाजार’मध्ये कृष्ण एन. टी. रामाराव, अभिमन्यू अक्किनेनी नागेश्वर राव, घटोत्कच एस. व्ही. रंगाराव. महाभारतातली कथा असून पांडव पडद्यावर एकदाही येत नाहीत! पण मला त्यात सर्वांत थोर वाटते ती सावित्री. अभिमन्यूच्या वधूचं, शशिरेखेचं, रूप घेतलेला घटोत्कच ती असा साकारते, की नाजूक पोरीच्या अंगात राक्षसाची चाल दिसू लागते. अभिनय शिकणाऱ्या प्रत्येकाने तेवढा भाग तरी पाहावाच.

त्याच वर्षी रामारावांच्या घरच्या संस्थेने ‘पांडुरंग माहात्म्यम्’ काढला. त्यात ते स्वतः विठ्ठलभक्त पुंडलिक झाले, वडिलांच्या भूमिकेत चित्तूर व्ही. नागय्या. आईबापांना विसरलेला उनाड मुलगा आणि पश्चात्तापाने कोसळलेला मुलगा, दोन्ही रामारावांनी जीव ओतून उभे केले. 1973 मध्ये ‘भक्त तुकाराम’ आला. नागेश्वर राव तुकोबा, शिवाजी महाराजांच्या छोट्या भूमिकेत शिवाजी गणेशन. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधल्या पागनीसांच्या तुकोबांचा साधेपणा या रंगीत थाटात सापडत नाही, हे खरं. पण पंढरीचा विठोबा तेलुगू माणसांना परका वाटला नाही, हेही तितकंच खरं. पुढे 1977 च्या ‘चक्रधारी’त नागेश्वर राव संत गोरोबाकाका झाले. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या तेरचा कुंभार तेलुगू प्रेक्षकांना त्यांनी दाखवला.

के. विश्वनाथ यांच्या ‘शंकराभरणम्’ने (1980) शास्त्रीय संगीताला गर्दी खेचून दाखवली. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला जास्त बोलायचं आहे ते ‘मा भूमि’बद्दल. गौतम घोष यांचा हा 1979 चा चित्रपट कृश्न चंदर यांच्या उर्दू कादंबरीवर बेतलेला आहे. निर्माते बी. नरसिंग राव. निजामी राजवटीतली वेठबिगारी, देशमुखांचा जुलूम आणि तेलंगणच्या शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव त्यात आहे. नरसिंग रावांनी 1988 मध्ये ‘दासी’ दिग्दर्शित केला. गढीत राबणाऱ्या, कसलाच हक्क नसलेल्या बाईची ही गोष्ट. अर्चना यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातल्या माणसाला हे दोन्ही चित्रपट भाषेवाचूनही कळतील. ती गढी, तो पाटील-देशमुखी दरारा आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेला आहे.

मराठी नटांनीही तिकडे नाव काढलं. आपले सदाशिव अमरापूरकर तेलुगूत दिसले. ‘टागोर’ (2003), ‘अरुंधती’ (2009) यांतून सातारा जिल्ह्यातले सयाजी शिंदे तेलुगू घराघरांत पोहोचले. याच सयाजींनी बीडजवळच्या पालवणच्या उजाड डोंगरावर सह्याद्री देवराई उभी केली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे वृक्ष संमेलन भरवलं.

एक खंत मात्र राहते. निजामाविरुद्ध आपणही लढलो. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आमच्याच मराठवाड्यात घडले, गावोगावचे लोक तुरुंगात गेले, निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी वस्त्या जाळल्या. त्यावर मराठीत निघालेले चित्रपट फारच थोडे आणि ‘मा भूमि’च्या तोडीचा एकही नाही. मराठवाड्यातल्या तरुण दिग्दर्शकांनो, ‘मा भूमि’ आणि ‘दासी’ शोधून बघा, त्या काळाच्या आठवणी सांगणारे जे म्हातारे अजून हयात आहेत त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा, आणि आपल्या मुक्तिसंग्रामाचा चित्रपट काढा.