पिकअपला लोखंडी गार्ड ठोकताय? आधी हे वाचा

नागपूर : रामटेक, पारशिवनी, उमरेड भागात रात्री रोही, रानडुक्कर अचानक रस्त्यावर येतात. म्हणून बरेच जण वेल्डिंगच्या दुकानातून पिकअपला, जीपला जाड लोखंडी गार्ड बनवून घेतात. पण हा गार्ड गाडीचा पत्रा वाचवतो, माणूस नाही.

कंपनीचा बंपर आणि त्यामागचा भाग मुद्दाम दबेल असा बनवतात. धडकेचा जोर त्यातच जिरतो. गार्ड थेट चेसिसला जोडला की तोच जोर आत बसलेल्यांपर्यंत पोहोचतो. एअरबॅग असेल तर ती वेळेवर न उघडण्याचा धोका असतो. पायी चालणाऱ्याला तर कमी वेगातही जबर मार बसतो.

वजनही बघा. ६ मिमी जाड, ५ फूट लांब, १ फूट रुंद प्लेट एकटीच सुमारे २२ किलो भरते. पाइप, अँगल वेगळे. हा सगळा भार पुढच्या चाकांवर येतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय असे बदल चालत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग जनावरापासून वाचायचं कसं? वेग कमी ठेवून. ताशी ८० किलोमीटरने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, ४० ने फक्त ११. हेडलाइटची काच पुसून ठेवा आणि बंपर तुटला तर कंपनीचाच बसवा.