होडीचे इंजिन थंडीत का फुटते?

अमेरिकेच्या उत्तर भागातील मिनेसोटा हे राज्य तळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात या तळ्यांवर असंख्य यांत्रिक होड्या फिरत असतात. हिवाळ्यात मात्र तेथे पारा शून्याखाली २० ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, तळी गोठतात आणि होड्या काठावर काढून ठेवाव्या लागतात. पण होडी नुसती काठावर आणून वर ताडपत्री टाकली, तर वसंतात मालकावर कपाळाला हात लावण्याची पाळी येते. बिडाच्या जाडजूड इंजिनाला चक्क तडा गेलेला असतो! एवढी ताकद कोणाच्या अंगी असते? उत्तर साधे आहे : पाण्याच्या.

पाण्याचा तऱ्हेवाईकपणा

बहुतेक द्रव थंड होताना आकुंचन पावतात. पाणीही ४ अंशांपर्यंत हा नियम पाळते. त्याखाली मात्र ते उलट प्रसरण पावू लागते. गोठताना तर त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. म्हणजे १०० लिटर पाण्याचा जवळजवळ १०९ लिटर बर्फ होतो. बर्फात पाण्याचे रेणू षट्‌कोनी जाळीत बसतात आणि मध्ये मोकळी जागा राहते, म्हणून असे घडते. यामुळेच बर्फ तरंगतो, तळे वरून गोठते आणि खालच्या पाण्यात मासे जगतात. माशांना तारणारा हा गुण इंजिनाच्या मात्र मुळावर येतो.

इंजिनात पाणी कसे शिरते?

मोटारगाडीत तेच ते शीतक द्रव पुन्हा पुन्हा फिरवून इंजिन थंड ठेवतात. अनेक होड्यांत मात्र पंप तळ्याचेच पाणी ओढून घेतो, इंजिनाच्या पोकळ भिंतींमधून फिरवतो आणि बाहेर टाकतो. इंजिन थांबले तरी या पोकळ्यांत पाणी उरते. ते चहूबाजूंनी कोंडलेले असताना गोठू लागले, की भिंतींवर प्रचंड दाब पडतो. शून्याखाली २२ अंशांवर हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २,००० पट होऊ शकतो. बीड दाबले जाणे सहन करते, पण ताण पडला की तडकते. गंमत अशी, की तडा गेला तरी बर्फच बुचाचे काम करतो. बर्फ वितळला, पाणी तेलात मिसळले आणि तेल दुधाळ दिसू लागले, की मगच नुकसान उघडकीस येते.

उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे पाणी काढून टाकणे. इंजिनाच्या खालच्या अंगाला यासाठी बुचे असतात. पण बूच काढल्यावर धार थांबली म्हणजे इंजिन रिकामे झाले, असे समजू नये. गंज आणि वाळू यांनी भोक बुजलेले असू शकते. म्हणून जाणकार मेकॅनिक भोकात तार घालून पाहतो.

मग गोठणरोधक द्रव भरतात. त्यात बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल असते. त्याचे रेणू पाण्याच्या रेणूंना जाळी बांधू देत नाहीत. ते आणि पाणी समप्रमाणात मिसळले, तर मिश्रण शून्याखाली सुमारे ३३ अंशांपर्यंत गोठत नाही. पण आत जुने पाणी उरले असेल, तर द्रव पातळ होतो आणि त्याचा प्रभाव घटतो. म्हणून आधी पाणी काढणे महत्त्वाचे. एथिलीन ग्लायकॉलही गोठणबिंदू उतरवते, परंतु ते विषारी असते आणि वसंतात तळ्यात जाऊ शकते.

आणखी एक खुबी आहे. इंजिन थंड असेल, तर आतील तापनियंत्रक झडप बंद राहते आणि ओतलेला द्रव आडवाटेने निघून जातो. बाहेर रंगीत द्रव दिसतो, पण इंजिनाचा गाभा कोरडाच राहतो! म्हणून इंजिन आधी गरम करून घेतात. बॅटरीही पूर्ण भारित करून ठेवतात, कारण उतरलेल्या बॅटरीतील सौम्य आम्ल लवकर गोठते.

करून पाहा

दोन सारख्या प्लॅस्टिकच्या पेल्यांत निम्म्यापर्यंत पाणी घ्या. एकात चार चमचे साखर विरघळवा. दोन्ही पेले फ्रीजच्या बर्फकप्प्यात ठेवून दर अर्ध्या तासाने पाहा. कोणते आधी गोठते? साध्या पाण्याच्या पेल्यावर आधीच पातळीची खूण करा आणि गोठल्यावर पुन्हा पाहा. काचेचा पेला किंवा बंद बाटली मात्र मुळीच वापरू नका. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल.