वेगाची किंमत : मदरबोर्डची उष्णता आणि तिचे निवारण

प्रास्ताविक

गरम चहा लवकर निवावा म्हणून आपण तो बशीत ओततो आणि वर हलकी फुंकर घालतो. या साध्या कृतीत उष्णतेचे दोन नियम दडलेले आहेत. पसरट पृष्ठभागावरून उष्णता लवकर निघून जाते आणि वाहती हवा ती दूर नेते. संगणकाच्या पेटीत तापणाऱ्या सूक्ष्म घटकांना थंड ठेवण्याचे शास्त्रही याच दोन नियमांवर उभे आहे. प्रस्तुत पाठात आपण या शास्त्राचा परिचय करून घेऊ.

वेग वाढवला की काय घडते?

संगणकाचा प्रोसेसर एका ठरावीक तालावर काम करतो. निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे हा ताल जलद करणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग होय. १९९८ साली बाजारात आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मदरबोर्डवरील मूळ ताल ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ केला, की हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालू लागे. कमी पैशांत दीडपट वेग मिळत असल्याने जगभरातील हौशी मंडळींना त्याचे मोठे आकर्षण वाटले.

परंतु निसर्गाच्या हिशेबात फुकट काहीच मिळत नाही. प्रोसेसर खर्च करीत असलेली वीज तालाच्या प्रमाणात वाढते. विद्युतदाबाच्या बाबतीत मात्र ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. जलद ताल स्थिर राहावा म्हणून बहुधा विद्युतदाबही थोडा वाढवावा लागतो. समजा, ताल २० टक्क्यांनी आणि दाब १० टक्क्यांनी वाढवला, तर विजेचा खर्च सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो. ही सारी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

प्रोसेसरचे शेजारी

प्रोसेसर तापतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्यावर मोठा पंखाही बसवलेला असतो. त्याच्या शेजारचे घटक मात्र दुर्लक्षित राहतात. त्यांत सर्वांत महत्त्वाचा असतो तो विद्युतदाब नियामक. वीजपुरवठा करणाऱ्या पेटीतून १२ व्होल्टचा दाब येतो, तर प्रोसेसरला साधारण १.३ व्होल्टच पुरतो. हे रूपांतर नियामक करतो. १३० वॅट वीज १.३ व्होल्टने द्यायची, तर प्रवाह १०० अँपिअर होतो. घरातील २००० वॅटचा गिझरसुद्धा सुमारे ९ अँपिअरच घेतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचा भार लक्षात येईल.

हा भार मॉसफेट नावाचे, नखाहूनही लहान असे विद्युत्-स्विच वाहतात. नियामकाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी सुमारे १४ वॅट उष्णता त्याच्यातच निर्माण होते. वरच्या उदाहरणाप्रमाणे वेग वाढवला तर प्रवाह १०० वरून १३२ अँपिअरवर जातो आणि रोधामुळे निर्माण होणारी उष्णता पावणेदोन पट होते. त्यातच तापलेल्या मॉसफेटचा रोध वाढतो व वाढलेल्या रोधामुळे तो अधिक तापतो. असे हे दुष्टचक्र आहे. ओझे अनेकांनी वाटून घेतले की सुसह्य होते. म्हणूनच चांगल्या मदरबोर्डवर प्रवाह अनेक शाखांत विभागलेला असतो.

नियामकालगत कपॅसिटर असतात. त्यांतील द्रवयुक्त कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत आतील सदोष द्रवामुळे असंख्य मदरबोर्डांवरील कपॅसिटर फुगून निकामी झाले. पुढे द्रवाऐवजी घन पदार्थ वापरलेले, अधिक टिकाऊ कपॅसिटर रूढ झाले; तथापि उष्णता त्यांच्याही आयुष्यात घट करतेच.

उष्णतेला वाट

उष्णता बाहेर काढण्याचा पहिला टप्पा म्हणजे हीट सिंक. ॲल्युमिनिअम अथवा तांब्याच्या या ठोकळ्याला पातळ पात्यांच्या रांगा असतात. बशीप्रमाणेच त्या पृष्ठभाग वाढवतात. तांबे उष्णता अधिक चांगली वाहून नेते. पण ते ॲल्युमिनिअमच्या तिपटीहून जड असते.

दुसरा टप्पा जोडणीचा. दोन धातू एकमेकांवर ठेवले तरी मधल्या सूक्ष्म खाचांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाइतकीच असते. म्हणून प्रोसेसरवर उष्णतावाहक लेपाचा पातळ थर देतात. मॉसफेटची उंची कमीअधिक असते, तेथे दबणारी मऊ गादी वापरतात. लेप जास्त लावला म्हणजे जास्त थंडावा मिळेल, ही समजूत चुकीची आहे. जाड थर उलट अडसर ठरतो. हीट सिंक सैल राहता कामा नये. तो निसटून खालच्या भागांवर पडला, तर शॉर्ट सर्किट होऊ शकते.

तिसरा टप्पा वाऱ्याचा. येथे एक चूक वारंवार घडते. प्रोसेसरवरील पंखा वरून खाली वारा टाकणारा असेल, तर शेजारच्या नियामकालाही तो वारा मिळतो. हौशी व्यक्ती तो पंखा काढून द्रवाधारित शीतकरण बसवते. प्रोसेसर थंड होतो, वेग आणखी वाढवला जातो आणि वाऱ्याला मुकलेला नियामक निमूटपणे तापत राहतो. अशा वेळी नियामकाच्या दिशेने वारा सोडणारा एक लहानसा पंखा मोठे काम करून जातो.

ऋतूचे भान

हवेने होणाऱ्या शीतकरणाला एक मर्यादा आहे. खोलीच्या तापमानाखाली ते कोणताही घटक नेऊ शकत नाही. एखादा घटक खोलीच्या हवेपेक्षा ५० अंश अधिक तापत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ७५ अंशांवर असेल. नागपूर, दिल्ली किंवा बिकानेरच्या मे महिन्यात, ४२ अंशांच्या खोलीत, तोच घटक ९२ अंशांवर पोचेल. डिसेंबरात यशस्वी ठरलेला प्रयोग उन्हाळ्यात संगणक बंद पाडू शकतो. आपल्याकडील धूळही पात्यांमध्ये साचून वाऱ्याची वाट अडवते. म्हणून नवा पंखा घेण्यापूर्वी जुन्यावरील धूळ झटकावी.

सावधगिरी आणि विवेक

पेटी उघडण्यापूर्वी वीज बंद करून तार काढावी आणि स्थितिक विद्युत निघून जावी म्हणून पेटीच्या धातूला स्पर्श करावा. महत्त्वाच्या माहितीची प्रत आधीच अन्यत्र ठेवावी. वेग एका वेळी थोडाच वाढवावा, प्रत्येक टप्प्यावर तापमान नोंदवावे आणि केवळ प्रोसेसरचे नव्हे, तर नियामकाचेही तापमान पाहावे. मर्यादेबाहेर वेग वाढवल्यास उत्पादकाची हमी रद्द होऊ शकते, हेही विसरू नये. ज्या घरात एकच संगणक आहे, त्यावर एकाचा अभ्यास तर दुसऱ्याचा हिशेब अवलंबून असतो. तेथे थोड्या वेगासाठी साऱ्यांची सोय पणाला लावणे कितपत योग्य, याचा विचार ज्याने त्याने करावा.

कोणत्याही यंत्रणेची क्षमता तिच्या सर्वांत बलवान घटकावरून ठरत नाही. सर्वाधिक ताण सोसणाऱ्या, पण नजरेआड राहिलेल्या घटकावरून ती ठरते. वेग वाढवू इच्छिणाऱ्याने आधी त्या घटकाची विचारपूस करावी.

स्वाध्याय

१. द्रवाधारित शीतकरण बसवल्यावर नियामक अधिक का तापू शकतो, ते स्पष्ट करा.
२. ताल १० टक्क्यांनी आणि विद्युतदाब १० टक्क्यांनी वाढवल्यास विजेचा खर्च किती टक्क्यांनी वाढेल?
३. 'बशीतला चहा' या उदाहरणातून लेखकाने कोणते नियम सांगितले आहेत? आपल्या परिसरातील तशी आणखी दोन उदाहरणे लिहा.