पाहुण्यांचा सोफा आणि शेवटची रांग

२०२५ या वर्षात मराठी विनोदाच्या जगात तीन महिन्यांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. जुलैच्या अखेरीस झी मराठी वाहिनीवर ‘चला हवा येऊ द्या’ नव्या पर्वासह परतले आणि सूत्रसंचालनाची धुरा नीलेश साबळे यांच्याऐवजी अभिजित खांडकेकर यांच्याकडे गेली; ऑक्टोबरमध्ये ‘वस्त्रहरण’कार गंगाराम गवाणकर यांचे निधन झाले. पहिल्या बातमीत कोण आले आणि कोण गेले याचाच ऊहापोह झाला, तर दुसरी श्रद्धांजलीच्या चार ओळींत आटोपली गेली. वास्तविक या दोन बातम्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. नट, नाटक, सिनेमा आणि त्यांतून मिळणारी प्रसिद्धी यांची थट्टा मराठीत पुष्कळ झाली आहे. परंतु ती थट्टा कोठे उभे राहून केली जाते, प्रसिद्ध माणसाच्या शेजारी बसून की प्रसिद्धी ज्याच्या वाट्याला कधीच येत नाही त्याच्या बाजूने, यावरच तिचे मोल ठरत असते.

सौंसरसारख्या गावातून पाहिले म्हणजे हा प्रश्न अधिक धारदार होतो. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात असलेला आणि राज्यपुनर्रचनेनंतर भोपाळकडे तोंड करावे लागलेला हा मराठी मुलूख २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. येथे कचेरीची भाषा हिंदी आहे, घरातली मराठी आहे आणि ती वैदर्भी वळणाची आहे. त्यामुळे प्रमाण मराठी कानावर पडते ती मुख्यतः दूरचित्रवाणीतून. मराठी पडद्याचा असा एकनिष्ठ प्रेक्षक असलेला हा प्रदेश स्वतः मात्र पडद्यावर क्वचितच येतो. देशभरच्या वाहिन्यांना पांढुर्णा आठवते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते तेव्हा. दगडांची दृश्ये दाखवून कॅमेरे परत जातात आणि माणसे मागे उरतात. चित्रपटसृष्टीत अशा माणसासाठी एक शब्द आहे, तो म्हणजे ‘एक्स्ट्रा’: गर्दीच्या प्रसंगात उभा राहणारा, संवाद नसलेला, रोजंदारीवर आणलेला नट. मुंबईत त्याला आता ‘ज्युनियर आर्टिस्ट’ म्हणतात; नाव बदलले तरी जागा तीच राहिली.

नेमक्या याच माणसाला मध्यभागी ठेवून ब्रिटनच्या बीबीसीने ‘एक्स्ट्राज’ ही मालिका केली. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी लिहिलेल्या या मालिकेचे प्रत्येकी सहा भागांचे दोन हंगाम २००५ आणि २००६ मध्ये आले आणि २००७ च्या नाताळातील विशेष भागाने ती संपली. अँडी मिलमन हा मध्यमवयीन एक्स्ट्रा आणि त्याची तशीच उपेक्षित मैत्रीण मॅगी हे दोघे मोठ्या चित्रपटांच्या चित्रीकरणस्थळी ताटकळत बसतात, जेवणाच्या वेळी ताऱ्यांच्या जवळपास घोटाळतात आणि एखादे वाक्य आपल्या वाट्याला यावे म्हणून धडपडतात. दर भागात एखादा खरा, प्रसिद्ध कलावंत स्वतःच्याच नावाने, परंतु स्वतःपेक्षा हीन होऊन येतो. केट विन्स्लेट यांनी साकारलेली ‘केट विन्स्लेट’ ज्यूंच्या वंशसंहारावरील चित्रपटात काम करण्याचे कारण विचारले असता पुरस्कारावर डोळा असल्याचे निःसंकोच सांगते. पुढे त्याच इतिहासाशी निगडित ‘द रीडर’ या चित्रपटासाठी त्यांना खरोखरच ऑस्कर मिळाले.

मालिकेचे खरे सामर्थ्य मात्र दुसऱ्या हंगामात दिसते. अँडीला स्वतःची सिटकॉम, म्हणजे ठरावीक पात्रे आणि ठरावीक जागा असलेली भागवार विनोदी मालिका, लिहायला मिळते. पण वाहिनीच्या आग्रहाखातर तिच्यात भडक टोप, विचित्र चष्मा आणि प्रेक्षकांना पाठ होईल असे पालुपद शिरते. अँडी प्रसिद्ध होतो, रस्त्यात लोक तेच पालुपद त्याच्या तोंडावर फेकतात आणि जाणते त्याला हसतात. एका प्रसंगात तो एका उंची क्लबमध्ये डेव्हिड बोवी या श्रेष्ठ गायकाजवळ आपले दुःख मोकळे करतो. बोवी शांतपणे ऐकून घेतो, पियानोकडे वळतो आणि त्याच दुःखातून अँडीची टर उडवणारे गाणे तेथल्या तेथे रचू लागतो. ओळीमागून ओळ अधिक बोचरी होत जाते, भोवतालची मंडळी सुरात सूर मिसळतात आणि ज्याच्यावर गाणे चालले आहे तो मात्र जागीच अवघडून राहतो. थोर कलावंताची निष्ठुरता, गर्दीचा आनंद आणि मधल्या माणसाचा चेहरा या तिन्ही गोष्टी प्रेक्षकाला एकाच वेळी दिसतात, त्यामुळे येथे हसू येते ते गिळावे लागते. प्रसिद्धीविषयी एवढे सखोल विधान विनोदाच्या माध्यमातून क्वचितच झाले असेल.

हे शक्य झाले त्यामागे लेखकांच्या प्रतिभेइतकीच निर्मितीची रीत आहे. बीबीसी प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर चालते, जाहिरातदारांवर नाही. बारा भाग आणि एक विशेष भाग एवढाच पसारा दोन लेखकांच्या हातात राहतो. आणि पाहुणा येतो तो लेखकाने लिहिलेली भूमिका करण्याची अट मान्य करून. ताऱ्याने येथे आपला मोठेपणा पणाला लावायचा असतो.

‘चला हवा येऊ द्या’ची रीत नेमकी उलट आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात थुकरटवाडी नावाचे कल्पित गाव होते, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे यांच्यासारखे कसलेले विनोदवीर होते आणि समोरच्या सोफ्यावर चित्रपट वा नाटक यांच्या प्रमोशनसाठी, म्हणजे प्रदर्शनापूर्वीच्या प्रसिद्धीसाठी, आलेले कलावंत होते. पाहुण्यांच्याच कलाकृतीचे विडंबन त्यांच्यासमोर सादर होई, पाहुणे खळखळून हसत आणि कॅमेरा ते हसू पुन्हा पुन्हा टिपत असे. या मांडणीत विडंबनाला वरची मर्यादा आपोआप पडते. ज्याचा चित्रपट शुक्रवारी लागणार आहे त्याला दुखावून चालत नाही, आणि आपली थट्टा हसून सोसणारा पाहुणा प्रेक्षकांच्या नजरेत अधिकच मोठा होतो. परिणामी थट्टा हाही जाहिरातीचाच एक प्रकार ठरतो. शेकडो भाग ज्यांनी आठवड्यामागून आठवडा हसवत ठेवले त्या कलावंतांच्या कष्टांना यामुळे उणेपणा येत नाही. दोष आहे तो व्यवस्थेचा, कारण तिने त्यांच्या हाती धार नसलेले शस्त्र दिले.

तरीही या कार्यक्रमाच्या जमेला दोन गोष्टी ठळकपणे धराव्या लागतात. पहिली भाषेची. अमरावतीच्या भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली तिच्या हेलासकट मुख्य वेळेत आणली आणि सातपुड्याच्या पायथ्याशी वैदर्भी मराठी बोलणाऱ्यांना आपल्यासारखा उच्चार पडद्यावर ऐकू आला. अर्थात तो अजून हसण्यापुरताच होता. दुसरी गोष्ट पत्रांची. अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे यांनी पोस्टमनच्या वेषात वाचलेली पत्रे सुरू झाली की सोफ्यावरचा प्रसिद्ध पाहुणा पाहता पाहता श्रोता होत असे, आणि जिचे नाव कोणत्याही श्रेयनामावलीत येत नाही अशा व्यक्तीच्या सुखदुःखाला रंगमंच मिळत असे. थोडा वेळ का होईना, मोठा कोण आणि लहान कोण याची मांडणी उलटत असे. प्रसिद्धीच्या चिकित्सेचे बीज मराठी वाहिनीच्या हातात होते, हे त्या पत्रांनी सिद्ध केले. मात्र त्यातून अश्रू आले, उपहासाचे पीक कोणी घेतले नाही.

ते पीक मराठी रंगभूमीने फार आधी घेतले होते आणि येथेच गवाणकरांची थोरवी आहे. ‘आज काय नाटक होवचा नाय’ या त्यांच्या एकांकिकेतून आकाराला आलेले ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आले. कोकणातल्या एका खेड्यातील हौशी मंडळी महाभारतातील द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रसंग उभा करायला निघतात, एवढेच त्याचे कथानक. पण नाटकाच्या आत नाटक ठेवण्याच्या या युक्तीने नाट्यव्यवसायाची अख्खी उतरंड गवाणकरांनी खेड्याच्या अंगणात आणून मांडली. तालमीपासून पडदा पडेपर्यंत मानापमान आहेत, भूमिकांवरून भांडणे आहेत, मच्छिंद्र कांबळी यांनी अजरामर केलेल्या तात्या सरपंचांचा गावकारभार आहे, आणि प्रत्येकाला त्या एका रात्रीपुरते मोठे व्हायचे आहे. पौराणिक नाटकाची भारदस्त भाषा तोंडपाठ नसल्याने भरजरी पोशाखातले कौरव-पांडव बोलता बोलता मालवणीवर येतात. मुकुट हस्तिनापूरचा असतो आणि शब्द गावच्या पाणंदीतले असतात. हसू फुटते ते त्या फटीतून, आणि त्याच फटीतून दिसते की मोठेपणा हा बराचसा पोशाखाचा, प्रकाशाचा आणि उसन्या भाषेचा खेळ आहे.

हा विनोद खेडवळांना हिणवत नाही, कारण तो लिहिणारा त्यांच्यातलाच आहे. अँडी मिलमनकडे मालिका जितक्या जिव्हाळ्याने पाहते, तितक्याच जिव्हाळ्याने गवाणकर आपल्या हौशी नटांकडे पाहतात. फरक एवढाच की अँडी प्रसिद्धीच्या दारात एकटा उभा आहे, तर येथे सारा गाव उभा आहे. पाच हजारांहून अधिक प्रयोग झालेले, ज्या बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर नोकराच्या तोंडी चार वाक्यांपलीकडे जागा नव्हती तिला नायकपद देणारे हे नाटक केवळ ‘मालवणी विनोद’ या खात्यात टाकून मोकळे होणे हा समीक्षेचा आळस आहे. प्रसिद्धीचे मानसशास्त्र सांगणारी ती मराठीतील पायाभूत कृती आहे.

अशा कृतीला लागणारे साहित्य वैदर्भी मुलखात नाही असेही नाही. नागपूरकडच्या खेड्यांत खडी गंमत, म्हणजे शाहीर आणि नाच्या यांनी उभ्याउभ्या रंगवलेला तमाशासारखा लोकनाट्यप्रकार, पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पूर्व विदर्भात तर झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतरच्या मंडई आणि शंकरपटांच्या दिवसांत रात्ररात्रभर जागते, वडसा हे तिचे व्यापारी केंद्र आहे आणि तिचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. गर्दी खेचण्यासाठी मालिकांतले मुंबईकर चेहरे तेथे पाहुणे म्हणून आणले जातात. ज्याने हंगामभर खेड्यांमागून खेडी पालथी घालून प्रयोग केले तो स्थानिक नट आणि एका रात्रीसाठी आलेला पडद्यावरचा चेहरा हे दोघे एकाच रंगपटात शेजारी बसून तोंडाला रंग लावतात. ‘एक्स्ट्राज’च्या लेखकांना याहून समर्पक प्रसंग सुचवता आला नसता.

म्हणून मराठी वाहिन्यांकडे मागणे मोठे नाही. सहाच भागांची एक मालिका असावी. ती एका किंवा दोन लेखकांनी शेवटपर्यंत लिहावी. तिच्या केंद्रस्थानी सौंसर, वडसा किंवा कणकवलीकडचा एखादा गर्दीतला नट असावा. त्याची बोली हसण्याचे निमित्त न होता त्याच्या बुद्धीची भाषा व्हावी. आणि येणाऱ्या ताऱ्याने सोफ्यावर न बसता आपलेच लहान रूप वठवावे. अडचण पैशाची नाही, कारण अशा मालिकेला भव्य नेपथ्य लागत नाही. अडचण आहे ती लहान होण्याची तयारी असलेला मोठा माणूस मिळण्याची.

असा माणूस मराठीत होऊन गेला आहे. ‘वस्त्रहरण’चे सुरुवातीचे प्रयोग प्रेक्षकांअभावी रखडत असताना पु. ल. देशपांडे यांनी ते पाहिले आणि पत्र लिहून त्याची मनमुराद स्तुती केली. ते पत्र जाहिरातीत छापले गेले आणि नाटकाचे दैव पालटले. त्या काळच्या महाराष्ट्रात पुलंपेक्षा प्रसिद्ध लेखक सापडणे कठीण होते, आणि तरीही या नाटकात आपल्याला एखादी छोटीशी भूमिका मिळाली असती तर बरे झाले असते, अशी इच्छा त्यांनी त्या पत्रात व्यक्त केली होती.