घरगुती नैसर्गिक वायू जोडणीची सुरक्षितता (छत्रपती संभाजीनगर)

घरगुती नैसर्गिक वायू जोडणी म्हणजे रस्त्याखालील वितरण वाहिनीपासून स्वयंपाकघरातील शेगडीपर्यंतची नळी, दाबनियंत्रक, मीटर व झडपा यांची एकत्रित रचना होय. व्यवहारात तिला ‘पाइप गॅस’ म्हणतात. भारतात या रचनेचे तांत्रिक व सुरक्षाविषयक निकष पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २००८ च्या विनियमांनी ठरवले आहेत.

पार्श्वभूमी

मुंबईत पाइप गॅस १९९० च्या दशकात आला. मराठवाड्यात तो बराच उशिरा पोहोचला. मंडळाच्या नवव्या बोली फेरीत, २०१८ मध्ये, तत्कालीन औरंगाबाद व अहमदनगर जिल्ह्यांचे क्षेत्र भारत पेट्रोलियम समूहाकडे आले आणि २०२२ मध्ये शहरातील प्रकल्पाची पायाभरणी झाली. जमिनीखालून नळ नेणे या शहराला नवे नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने बांधलेली नहर-ए-अंबरी खापरी नळांतूनच पाणी पुरवत असे. मात्र पाण्याची गळती डोळ्यांना दिसते, वायूची दिसत नाही. सुरक्षेचे बहुतेक नियम या एका फरकातून निघाले आहेत.

वायूचे गुणधर्म

नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असून तो हवेपेक्षा हलका, साधारण ०.६ पट घनतेचा असतो. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचते. त्यामुळे सिलिंडर वापरणाऱ्या पिढ्यांनी अंगवळणी पाडून घेतलेली खबरदारी येथे अपुरी पडते. पाइप गॅसच्या घरात धोक्याच्या जागा छताजवळ असतात: माळा, पीओपीचे छत, ओट्यावरची बंद कपाटे. म्हणून हवा बाहेर जाण्याची वाट भिंतीच्या वरच्या भागात, कायम उघडी असावी लागते. हवेतील वायूचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असताना ठिणगी पडल्यास मिश्रण पेट घेते.

शुद्ध मिथेनला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन वर्गातील उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. मात्र जमिनीखालच्या गळतीत हा वास माती काही अंशी शोषून घेऊ शकते. त्यामुळे वास येत नाही, एवढ्यावरून गळती नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

नळी व दाब

रस्त्याखाली पॉलिएथिलीनच्या नळ्या वापरतात. त्या गंजत नाहीत, परंतु कुदळीने वा जेसीबीच्या दातऱ्याने सहज फाटतात. शहरात अनेक ठिकाणी वरच्या मुरमाखाली कठीण बेसाल्ट लागतो. अशा चरात नळीखाली व भोवती बारीक वाळू भरावी लागते, अन्यथा खडकाची धार कालांतराने नळीला कापते. नळीच्या वर इशारा देणारी पट्टी पुरतात. पाणीपुरवठ्याच्या वा केबलच्या कामासाठी खोदणाऱ्याने आधी वायू कंपनीकडून नळीचा मार्ग समजून घेणे हा या व्यवस्थेतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा नियम आहे.

वितरण वाहिनीतील दाब ४ बारपर्यंत असतो. इमारतीजवळ तो साधारण १०० मिलीबार आणि मीटरपाशी २१ मिलीबारवर आणला जातो. इमारतीवरील नळ्या जस्तलेपित पोलादाच्या किंवा तांब्याच्या असतात. त्या उघड्यावर, दिसतील अशाच ठेवाव्यात. भिंत ओलांडताना त्यांभोवती संरक्षक बाही हवी. त्यांना कपड्यांची दोरी बांधणे किंवा विजेच्या उपकरणाची अर्थिंग तार जोडणे घातक ठरते.

मीटर व शेगडी

घरगुती मीटर सहसा पडदा पद्धतीचा असतो. त्याच्या प्रचलित लहान आकारातून ताशी कमाल २.५ घनमीटर वायू जाऊ शकतो. तो हवेशीर, सहज हात पोहोचेल अशा जागी, विजेच्या फलकापासून दूर बसवावा. मीटरमागची झडप घरातील प्रत्येकाला बंद करता आली पाहिजे. सिलिंडरमधला वायू संपतो, नळीतला झडप बंद केल्याशिवाय थांबत नाही. घर सजवताना मीटर लाकडी कपाटात बंद केल्यास झडप आणि हवा, दोन्ही हाताबाहेर जातात.

एलपीजीची शेगडी तशीच जोडता येत नाही. एलपीजी सुमारे ३० मिलीबार दाबाने येतो आणि समान आकारमानात त्याची उष्णता अडीच ते तीन पट असते. त्यामुळे पाइप गॅससाठी मोठ्या छिद्राचे नोझल लागते. हेच नोझल ठेवून पुन्हा सिलिंडर जोडल्यास ज्वाला पिवळी, काजळीयुक्त होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमध्येही याच वायूचा धोका असतो. त्याला रंग वा वास नसतो. शेगडीला जोडणारी तारयुक्त रबरी ‘सुरक्षा नळी’ छापील मुदतीनुसार, सामान्यतः ५ वर्षांनी बदलतात.

गळतीप्रसंगी

वास येताच ज्वाला विझवून मीटरची झडप बंद करतात व दारे-खिडक्या उघडतात. विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये, कारण दोन्ही वेळी ठिणगी पडते. पंखा आणि दारावरची घंटाही त्यात आली. दूरध्वनी घराबाहेर पडल्यावरच करावा: मीटरवर छापलेल्या कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर, आग लागल्यास १०१ वर. बंद केलेली झडप कंपनीच्या तंत्रज्ञाने गळती तपासल्यानंतरच पुन्हा उघडली जाते.