चौकट : मुलांचा सीपीआर, चष्म्यातल्या सूचना

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी (एआर) : समोरचे खरे दृश्य तसेच ठेवून त्यावर आकडे, बाण, सूचना दाखवणारे तंत्र. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीमध्ये (व्हीआर) सगळे दृश्यच कृत्रिम असते, त्यामुळे सीपीआरमध्ये (छाती दाबणे आणि कृत्रिम श्वास देणे) ते सरावापुरतेच. रुग्णाच्या खाटेशी उपयोगाचे नाही.

छाती दाबताना
• वेग मिनिटाला १०० ते १२०.
• खोली छातीच्या जाडीच्या किमान एक तृतीयांश : तान्ह्या बाळात सुमारे ४ सेंमी, मोठ्या मुलात सुमारे ५ सेंमी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची.
• दाब आणि श्वास : एकटा आरोग्यसेवक ३०:२, दोघे असल्यास १५:२.

मोठ्या माणसांचे हृदय बहुधा हृदयविकाराने थांबते. मुलांचे बहुतेकदा श्वास कोंडल्याने किंवा शॉकमुळे (रक्ताभिसरण कोलमडल्याने). म्हणून मुलांत कृत्रिम श्वास वगळायचा नाही. हा फरक सर्वांत महत्त्वाचा.

हिशेब वजनावर : अ‍ॅड्रेनलिन (शिरेतून) किलोमागे ०.०१ मिग्रॅ. विजेचा पहिला झटका किलोमागे २ ज्यूल, दुसरा ४. घाईत नेमके हेच आकडे चुकतात.

चाचणी : जिनिव्हातील निवासी डॉक्टरांनी पुतळ्यावर केलेल्या सरावाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एआर चष्म्याने या सूचना डोळ्यांसमोर दाखवल्यामुळे झटक्याच्या मात्रेतील चुका घटल्या. पहिला झटका देण्यास लागणारा वेळ मात्र जवळपास तेवढाच राहिला.

रायपूरमध्ये उपचाराची ठिकाणे : एम्स (स्थापना २०१२). नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात. रुग्णवाहिकेसाठी १०८.