लांबच्या सायकलफेरीसाठी टायर कोणते घ्यावेत?

इंदूरहून उज्जैन सुमारे ५५ किलोमीटर. निम्म्या वाटेतच आमच्यातले तिघे मनगटे चोळू लागले आणि ‘आता वय झाले’ म्हणत सायकली विकायच्या गोष्टी करू लागले. दोष वयाचा नव्हता. अरुंद टायरांत आम्ही दगडासारखी हवा भरली होती.

टायरच्या कडेवर आकडे असतात. ‘३२-६२२’ म्हणजे रुंदी ३२ मिलिमीटर आणि रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६२२. दुसरा आकडा तोच हवा. पहिला थोडा वाढवता येतो. २५ ऐवजी ३२चा टायर कमी हवेवर चालतो आणि रस्त्याचे धक्के बरेचसे स्वतःच सोसतो. मात्र चिमटा, ब्रेक आणि मडगार्डमध्ये तेवढी जागा आहे का, हे दुकानात आधी पाहून घ्यावे. डांबरी रस्त्याला गुळगुळीत टायर बरा. जाड नक्षीचा जड चालतो.

हवा कडेवर छापलेल्या मर्यादेतच ठेवावी, पण कमाल आकडा गाठायलाच हवा असे नाही. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे थोडी अधिक. फारच कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते.

तिघांनीही टायर बदलले. सायकली अजून आमच्याकडेच आहेत.